रोल केज: पाइपचा ग्रेड आणि बाकी सगळं

ऑफ-रोड गाड्यांच्या मंडळींत रोल केजचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाइप कोणता घ्यायचा? सांधा नसलेला सीमलेस की सांधलेला ईआरडब्ल्यू, क्रोमोलीचा खर्च परवडेल का, नळकामाचा ‘बी क्लास’ पाइप चालून जाईल का. यावर तासभर हिरिरीने वाद होतो. केजचे पाय कशावर टेकणार, पाइप कोणत्या यंत्रावर वाकवणार, बसलेल्या माणसाचं डोकं लोखंडापासून किती अंतरावर राहणार, हे प्रश्न मात्र निघतच नाहीत. शर्यतींच्या नियमपुस्तिका उघडल्या तर नेमकं उलटं दिसतं. धातूचा निकाल दोन-चार ओळींत लागलेला असतो आणि मांडणी, जोड, पाय, पॅडिंग यांवर पानंच्या पानं खर्ची पडलेली असतात. माझं मतही तेच आहे. कागदपत्रांसह मिळालेलं साधं, नीट पोलाद बहुतेक गाड्यांना पुरतं. केज फसतो तो इतरत्र.

आधी केजला झेलायचं काय असतं ते पाहू. दोन टनांची गाडी मीटरभर उंचीवरून छतावर पडली असं धरलं तर सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती केजने १० सेंटिमीटर दबून जिरवली तर त्याच्यावर येणारं सरासरी बल भरतं जवळजवळ २० टनांचं, म्हणजे गाडीच्या वजनाच्या दहापट. पाच सेंटिमीटरच दबला तर तेच ४० टन. जमीन मऊ असेल तर थोडा भार ती घेते, कातळ असेल तर काहीच घेत नाही. म्हणून केज जराही दबू नये ही अपेक्षा चुकीची आहे. त्याने ठरावीक अंतरात, न फाटता, हळूहळू दबावं आणि माणसाभोवतीची जागा शाबूत ठेवावी, एवढंच त्याच्याकडून हवं असतं. न फाटणं हा यातला खरा कळीचा शब्द आहे.

कारखान्यातून आलेलं छत यातलं किती पेलतं? अमेरिकेने १९७१ साली छताच्या मजबुतीचा जो मानदंड आखला, त्यात गाडीच्या वजनाच्या दीडपट भार हळूहळू टाकून पाहिला जाई. २००९ मध्ये तो तिप्पट झाला, पण २७२२ किलोपर्यंत एकूण वजनक्षमता असलेल्या गाड्यांपुरताच. त्याहून जड पिकअप ट्रकना दीडपटच लागू आहे. एफआयए ही आंतरराष्ट्रीय मोटार महासंस्था केजला प्रमाणपत्र देताना काय मागते? गाडीच्या वजनात १५० किलो मिळवायचे, त्याच्या साडेसातपट भार मुख्य कमानीवर टाकायचा, आणि ती ५० मिलिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये, कुठे तुटता तर मुळीच नये. रस्त्याच्या आणि शर्यतीच्या अपेक्षांत असं कोसाचं अंतर आहे. जड ट्रकच्या बाबतीत तर ते सगळ्यात जास्त आहे.

गाडी उलटण्याच्याही दोन तऱ्हा आहेत आणि केजचा विचार करताना त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली वाळवंटातली. १९६७ साली मेक्सिकोत तिहुआना ते ला पाझ अशी बाहाची पहिली मोठी शर्यत झाली. पुढे १९७३ मध्ये मिकी थॉम्पसन यांनी स्कोअर ही संस्था काढली आणि वाळवंटी शर्यतींना नियमांची चौकट आली. तिथे गाडी ताशी शंभराच्या पुढच्या वेगात उलटते, एका कोलांटीवर थांबत नाही, आणि प्रत्येक आपटणं वेगळ्या कोपऱ्यावर येतं. पार्नेली जोन्स यांनी १९७१ आणि १९७२ मध्ये बाहा जिंकली ती ‘बिग ओली’ वरून ब्रॉन्को दिसत असली, तरी आत तिचा सगळा सांगाडा क्रोमोली नळ्यांचा होता. आजच्या ट्रॉफी ट्रकमध्ये तर केज आणि चासी असा भेदच उरलेला नाही. सस्पेन्शनही त्याच नळ्यांना जोडलेलं असतं.

दुसरी तऱ्हा आपल्याकडच्या मंडळींच्या जास्त ओळखीची. रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली स्पर्धा २०१४ मध्ये गोव्यात सुरू झाली, आणि तीही भर पावसाळ्यात. लाल चिखल, ओढे, घळी, विंचच्या दोरावर टांगलेली गाडी. इथे वेग माणसाच्या चालीइतका असतो. गाडी एका बाजूला कलते, क्षणभर विचार करते आणि आडवी होते. कधी उतारावरून आणखी एक-दोन पलट्या. बलं कमी असतात, पण ती आडवी येतात, आणि पाइपच्या मधोमध एखादा दगड किंवा झाडाचा बुंधा खुपसला जातो. वाळवंटासाठी केलेला केज इथे उगाच जड होतो, आणि इथला केज वाळवंटात नेला तर जीवावर बेततं. दोन्हींत एकच पाइप वापरावा की नाही यावर भांडण्यापेक्षा गाडी कुठे आणि कशी उलटणार आहे हे आधी ठरवलेलं बरं.

आता धातू. त्याला टाळता येत नाही, आणि त्यातली काही आकडेमोड खरोखर डोळे उघडणारी आहे.

एफआयएची किमान अट अशी: शीत ओढलेलं, सांधा नसलेलं, मिश्रधातू नसलेलं कार्बन पोलाद, ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल, कार्बन ०.३ टक्क्यांपर्यंत. मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. बाकीच्या नळ्यांना ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २. साडेतीनशे मेगापास्कल हा काही फार मोठा आकडा नाही. जगातल्या असंख्य रॅली गाड्यांचे केज या साध्या पोलादाच्या अटीत बसतात.

त्या दोन पर्यायांची तुलना करून पाहा. ४५ गुणिले २.५ ची नळी मीटरला सुमारे २.६२ किलो भरते, ५० गुणिले २ ची २.३७. म्हणजे दुसरी हलकी. तरीही वाकण्याला तिचा विरोध पहिलीपेक्षा १५ टक्क्यांनी जास्त आहे, कारण नळीचा कडकपणा व्यासाच्या जवळजवळ तिसऱ्या घाताने वाढतो. जाडी वाढवल्याने त्या मानाने थोडाच वाढतो. मग सगळ्यांनी जाड व्यासाची पातळ नळीच का घेऊ नये? कारण पातळ भिंतीला पोचा लवकर पडतो, आणि एकदा पोचा पडला की तिथली सगळी गणितं कोसळतात. झाळ देणाऱ्याचा हातही तिथे जास्त सावध हवा. घळीतल्या दगडांत फिरणाऱ्या गाडीला मी जाड भिंत देईन, धावपट्टीसारख्या वाळूवर धावणाऱ्या गाडीला मोठा व्यास.

इथेच क्रोमोलीचा गैरसमज सुटतो. ४१३० या ग्रेडमध्ये सुमारे एक टक्का क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतं. त्याची ताणशक्ती साध्या पोलादापेक्षा बरीच जास्त आहे. पण लवचीकतेचा गुणांक? तो जवळपास तोच, २०५ गिगापास्कल. त्याच मापाची क्रोमोली नळी साध्या पोलादाच्या नळीइतकीच लवते. फरक एवढाच की कायमची वाकायला जास्त बल लागतं. क्रोमोली आहे म्हणून व्यास कमी केला, तर केज ताकदीला टिकेलही, पण झुलेल, आणि झुलणारी कमान डोक्यापर्यंत पोचते. फायदा घ्यायचा तो भिंत पातळ करून, व्यास तसाच ठेवून. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संस्था एनएचआरए नेमकं हेच करते: साध्या पोलादाला सुमारे ३ मिमी भिंत, क्रोमोलीला सुमारे २.१ मिमी, आणि बदल्यात क्रोमोलीचा प्रत्येक जोड टिग वेल्डिंगचा हवा ही अट.

हा हिशेब सगळ्यात स्वच्छ शिकवते ती बाहा एसएईइंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा. २००७ मध्ये सुरू झालेली, बरीच वर्षं पीथमपूरला भरणारी. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपमध्ये हिवाळ्यात रात्री दिवे जळताना दिसतात त्यामागे बहुधा हीच असते. नियम सांगतो: मुख्य नळी २५ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची, कार्बन किमान ०.१८ टक्के. दुसरं काही वापरायचं तर वापरा, पण वाकण्यातला कडकपणा आणि वाकण्यातली ताकद, दोन्ही या नळीइतकी किंवा जास्त आहे हे गणिताने दाखवा. नुसती ताकद दाखवून भागत नाही. मग मुलं सवा इंच व्यासाची, १.६५ मिमी भिंतीची क्रोमोली नळी निवडतात. ती मीटरला १.२२ किलो, मूळची १.६३, आणि कडकपणा जवळजवळ ४० टक्क्यांनी जास्त. ज्याने एकदा हे स्वतः कागदावर मांडलं त्याला पुढे कुणी ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ म्हणून काहीही विकू शकत नाही.

बाजारात प्रत्यक्ष काय मिळतं ते वेगळं प्रकरण. हार्डवेअरच्या दुकानातला ‘दीड इंची बी क्लास’ म्हणजे पाणी वाहून नेणारा पाइप. त्याचं दीड इंच हे आतल्या पोकळीचं नाममात्र माप. बाहेरून तो ४८.३ मिमी भरतो, भिंत ३.२ मिमी, वजन मीटरला साडेतीन किलोच्या वर. मानकाने त्याच्याकडून मागितलेली ताणशक्ती ३२० मेगापास्कल, म्हणजे एफआयएच्या किमान अटीखाली. हा पाइप गळू नये म्हणून बनवलेला असतो. आपटल्यावर कसा वागावा याचा विचार त्यात नाही. त्यातही गॅल्व्हनाइज्ड आला तर दुहेरी संकट: झाळ देताना जस्ताची वाफ होते, जोडात छिद्रं राहतात आणि वेल्डरला रात्री ताप भरतो. वाहनांसाठीच्या नळ्यांचं भारतीय मानक वेगळं आहे, आयएस ३०७४. त्याखाली ईआरडब्ल्यू, ओढून घेतलेल्या सीईडब्ल्यू आणि सांधा नसलेल्या सीडीएस अशा तिन्ही जातींच्या नळ्या येतात. सीईडब्ल्यू म्हणजे पट्टी वळवून सांधलेली आणि मग साच्यातून ओढून नेमक्या मापाला आणलेली नळी. अमेरिकेत हिलाच डीओएम म्हणतात आणि तिथल्या वाळवंटी गाड्यांत ती मुबलक वापरतात. एफआयएला मात्र सांधा नसलेलीच चालते. शर्यतीत उतरायचं असेल तर तुमच्या शर्यतीची पुस्तिका काय म्हणते तेच अंतिम; नसेल तर चांगली सीईडब्ल्यू पुष्कळ झाली. दुकानदाराकडून नळीबरोबर मिल टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्यावं. देत नसेल तर दुसरं दुकान गाठावं.

स्टेनलेसचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण चकाकतं. जिन्याच्या रेलिंगची दीड मिलिमीटरची नळी वाकवून पिकअपच्या मागे लावली की फोटो छान येतो. ॲल्युमिनियमचंही तसंच: त्याचा लवचीकता गुणांक पोलादाच्या एक तृतीयांश आहे आणि उष्णतेने कमावलेली ताकद झाळीशेजारी बरीचशी निघून जाते. दोन्ही विसरून जावीत.

एवढं धातूबद्दल पुरे. आता मांडणी, जिथे माझ्या मते खरा जीव आहे.

आपली तीच ४५ गुणिले २.५ ची नळी घ्या, एक मीटर लांबीची. साधं पोलाद, जे २५० मेगापास्कलला वाकू लागतं. तिच्या टोकावर सरळ उभा भार टाकला तर ती सात-आठ टनांपर्यंत तग धरते. तीच नळी दोन टेकूंवर आडवी ठेवून मधोमध भार टाकला तर साधारण ३४० किलोला ती कायमची वाकायला लागते. वीसपटीहून जास्त फरक. पोलाद तेच, वजन तेच. जगातला कुठलाही महाग मिश्रधातू हा फरक भरून काढू शकत नाही. तिरपा दांडा भरून काढतो. म्हणून केजचा आराखडा करताना प्रत्येक नळीकडे बोट ठेवून विचारायचं की इथे भार टोकातून येतो की पोटात. पोटात येत असेल तर तिथे दुसरी नळी येऊन भिडली पाहिजे.

यातून बाकीचे नियम आपोआप सुचतात. मुख्य कमान चालकाच्या मागे, एकाच अखंड नळीची, शक्य तितकी उभी. तिच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा दांडा. नसेल तर आडव्या धक्क्याला ती चौकट पत्त्यांच्या घरासारखी एका बाजूला झोपते. मागचे टेकू छताजवळून निघून मागे उतरतात, उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करून. पुढच्या खिडकीच्या खांबालगतची नळी सगळ्यात त्रासाची. दृष्टी अडू नये, दार उघडावं, डॅशबोर्ड कापावा लागू नये म्हणून तिला दोन-दोन बाक दिले जातात, आणि वाकलेल्या नळीवर टोकाकडून भार आला की ती बाकातच आणखी मिटते. पुढच्या कोपऱ्यावर पडलेल्या ट्रकचं छत बहुधा याच जागी आत येतं. तिथे एक बाक कमी करता आला तर त्यासाठी डॅशबोर्ड कापायचीही तयारी ठेवावी. छताला ‘एक्स’ हवा, निदान एक तिरपी नळी तरी. आणि सगळ्या नळ्या एका बिंदूत येऊन मिळाल्या पाहिजेत. तीन-चार इंच सरकून मिळाल्या तर मधल्या तुकड्यावर पुन्हा तोच पोटातला भार.

बाकाबद्दल बोललो तर वाकवणंही आलं. एफआयएची अट आहे की बाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट असावी, आणि नळी लंबगोल झालीच तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पट तरी राहावा. हे मोजायला व्हर्नियर कॅलिपर पुरतो, पण मोजणारे विरळा. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे असतो हायड्रोलिक जॅकवर चालणारा बेंडर. तो नळीला मधोमध रेटतो आणि आतल्या बाजूला सुरकुती पाडतो. सायलेन्सरचे पाइप वाकवायला तो ठीक आहे. जुने कारागीर वाळू ठासून भरतात, तोंडं बंद करतात आणि गॅसच्या ज्योतीवर तापवून वाकवतात. बाक सुरेख येतो, पण शीत ओढून आलेल्या नळीची कमावलेली ताकद त्या लाल पट्ट्यात निघून जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाहिजे तो रोटरी ड्रॉ बेंडर, व्यासाला नेमकी बसणारी डाय असलेला, म्हणजे नळी डायभोवती ओढली जाते. पुण्या-नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत असली यंत्रं आहेत, जॉबवर्क करून देतात. केजच्या सगळ्या कमानी तिथून वाकवून आणायच्या आणि जोडकाम आपल्या वर्कशॉपमध्ये करायचं, हा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

जोडकामाची पहिली पायरी म्हणजे नळीचं तोंड दुसऱ्या नळीच्या गोलाईत बसेल असं कापणं. नीट कापलं तर जोडात नख शिरत नाही. आळस केला तर चार-पाच मिलिमीटरची फट राहते, आणि वेल्डर ती रॉडने भरून वरून ग्राइंडर मारून गुळगुळीत करून देतो. रंग दिल्यावर दोन्ही जोड सारखेच दिसतात. ग्राइंडर मारलेली झाळ पाहिली की मी आधी संशयच घेतो. चांगल्या झाळीला लपवण्यासारखं काही नसतं. साध्या पोलादाला सीओटू, म्हणजे मिग, व्यवस्थित चालतं. क्रोमोलीला आर्गनवरचं टिग लागतं, कारण झाळीलगतचा पट्टा पटकन गार झाला तर कडक आणि ठिसूळ होतो. म्हणून झाळ दिल्यावर पाणी ओतणं किंवा एअर गन मारणं हा क्रोमोलीवर गुन्हाच समजावा. वेल्डर क्रोमोलीत रुळलेला नसेल तर सरळ साधं पोलाद घ्यावं. चांगल्या हातातलं साधं पोलाद कच्च्या हातातल्या क्रोमोलीपेक्षा केव्हाही भरवशाचं.

बाहा एसएईइंडियात वेल्डरला आधी नमुन्याचे जोड करून द्यावे लागतात. एक तुटेपर्यंत ताणायचा, आणि तो झाळीत न तुटता नळीत तुटला पाहिजे. दुसरा उभा चिरून आत झाळ किती मुरली ते दाखवायचं. ही पद्धत कुठल्याही गिऱ्हाइकाला परवडण्यासारखी आहे. वाया गेलेल्या तुकड्यांचा एक जोड करून घ्या, करवतीने चिरा, बघा. कारागीर रागावला तर त्यातूनही काही कळतंच.

बंद केबिनच्या ट्रकमध्ये आणखी एक अडचण असते. छतालगतच्या जोडांच्या वरच्या अंगाला टॉर्च पोचतच नाही. म्हणून अनेक केजमध्ये तो जोड पाऊणच भरलेला असतो, वरचं पाव कोरडं. जाणकार फॅब्रिकेटर काय करतात? कमानीच्या पायांखाली जमिनीच्या पत्र्याला भोकं पाडतात, टॅक मारलेला सगळा केज त्यातून हातभर खाली सोडतात, वरून पूर्ण गोल झाळ देतात, मग केज वर उचलून खाली प्लेटा बसवतात. काम दोन दिवसांनी वाढतं. केज बघायला गेलात तर छत आणि वरच्या नळीमधल्या फटीत मोबाइलचा कॅमेरा घालून फोटो काढा. बाकी काही विचारायची गरज पडत नाही.

मग पाय. जमिनीचा पत्रा एखाद मिलिमीटरचा असतो. त्यावर ४५ मिमीची नळी नुसती टेकवली तर पहिल्याच पलटीत ती पत्रा फोडून खाली जाते, आणि वर कितीही उत्तम केज असला तरी सगळाच्या सगळा खाली बसतो. एफआयए कमानींच्या बोल्टच्या पायांना प्रत्येकी किमान तीन एम८ बोल्ट मागते, ८.८ दर्जाचे, आणि पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची प्लेट. म्हणजे साधारण ११ सेंटिमीटरचा चौकोन. ही किमान अट आहे. शक्य असेल तिथे ती प्लेट पत्र्याच्या बाकावरून चढवून उभ्या भागालाही धरावी.

लॅडर फ्रेमच्या गाड्यांत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा ऑफ-रोड गाड्या, थार काय, जिप्सी काय, पिकअप काय, याच जातीच्या. त्यांची बॉडी चासीवर रबरी बुशांवर बसलेली असते. खडबडीत वाटेवर चासी पिळवटते, बॉडी तिच्यावर तरंगते. केजचे पाय पत्र्यातून आरपार नेऊन थेट चासीला वेल्ड केले, तर केज चासीबरोबर पिळवटतो आणि बॉडी वेगळीच हलते. थोड्या महिन्यांत पायांलगतच्या झाळीला तडे दिसू लागतात, दारं लागेनाशी होतात. पाय नुसते बॉडीवर ठेवले तर आदळताना सगळा भार बुशांच्या बोल्टमधून जातो. मधला मार्ग असा की पाय बॉडीवरच, पण बुशांच्या अगदी डोक्यावर, रुंद प्लेटांनी. आणि जुने बुश बदलून बोल्ट चांगल्या दर्जाचे. दुसरा मार्ग म्हणजे चासीला आउटरिगर, म्हणजे बाहेर काढलेले आधार, लावून तिथे रबरी बुशांवरच केज टेकवणे, आणि बॉडीही केजला बांधून टाकणे. दोन्ही करून पाहिलेले लोक आपापल्या बाजूने शपथा घेतात. धीम्या ट्रेलसाठी मी पहिला घेईन. तो उलगडायला सोपा आहे. वेगाच्या शर्यतीत चासीशी जोडल्याशिवाय गत्यंतर नाही, पण मग गाडी रोजच्या वापराची उरत नाही.

केजच्या आत बसलेल्या माणसाबद्दल कमी बोललं जातं, आणि मला यातलं हेच सगळ्यात काळजीचं वाटतं. बाहा एसएईइंडियाच्या विद्यार्थ्यांना हेल्मेट आणि केजमध्ये चारी बाजूंनी किमान १५२ मिमी अंतर ठेवावं लागतं. रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत हेल्मेट नसतं, पट्टा तीन बिंदूंचा, आणि डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी नळी. उलटणं राहिलं बाजूला, साध्या बाजूच्या धडकेत मान झुकली तरी कवटी नळीवर. नळीवर एसीच्या पाइपचा फोम गुंडाळणं म्हणजे मनाची समजूत. तो बोटाने दाबला तरी तळ लागतो. एफआयएचं ८८५७-२००१ हे मानक असलेलं कडक पॅडिंग वेगळं असतं, हाताला जवळजवळ लाकडासारखं लागतं. पट्टा आणि सीटही केजचाच भाग समजावीत: हार्नेसचे खांद्यावरचे पट्टे मागच्या आडव्या नळीला जातात, आणि ती नळी चुकीच्या उंचीला असली तर धडकेत पट्टा मणक्यावर भार टाकतो. नव्या गाड्यांत छताच्या कडेला पडदा एअरबॅग असते. तिच्या आतून नळी गेली की ती उघडणार कशी?

म्हणून निव्वळ शहरात आणि महामार्गावर चालणाऱ्या गाडीला रोल केज बसवू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. २०२० ची थार कंपनीनेच रोल केजसह आणली आणि त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. तिथे केज, सीट, पट्टे आणि एअरबॅग यांचा विचार एकत्र झालेला असतो. त्यात वर आपली आणखी एक कमान ठोकली की तो हिशेब बिघडतो. पिकअपच्या हौद्यात लावायचे चकचकीत ‘रोल बार’ तर बहुतेक शोभेचेच. ते केबिनच्या मागे, हौद्याच्या पत्र्याला चार बोल्टांनी धरलेले असतात. त्यांना ना तिरपा टेकू, ना खाली प्लेट. गाडीबाहेरून चढवलेले एक्झो केज खडकांवर चढणाऱ्या गाड्यांचे पत्रे वाचवतात हे खरं, पण त्यांचे सांधे पत्र्याच्या बाहेर असल्याने भार बॉडीतून चासीत नीट उतरत नाही, आणि दाट झाडीत ते फांद्यांना अडकतात.

वजनाचा हिशेब सगळ्यांनाच नकोसा असतो. २५ मीटर नळी म्हणजे ६५ किलो, वर प्लेटा आणि गसेट. यातलं निम्मं डोक्याच्या उंचीवर. गाडी उलटण्याची शक्यता ढोबळपणे मोजायचं एक माप आहे: चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. चाकांमध्ये दीड मीटर आणि गुरुत्वमध्य पाऊण मीटरवर असेल तर उत्तर येतं १, म्हणजे कागदावर ४५ अंशांपर्यंत गाडी तोल धरते. लिफ्ट किट, मोठी चाकं आणि वर रूफ रॅक अशा सगळ्यांनी मिळून गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला तर ते ०.८८ होतं, कोन ४१ अंशांवर येतो. केजचा वाटा यात थोडा, रॅकवर ठेवलेल्या स्टेपनी आणि जेरिकॅनचा जास्त. गाडी उलटू नये म्हणून आधी रॅक रिकामा करावा, मग केजचा विचार.

कायद्याची बाजूही बघून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ घडणीत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीही अपघातानंतर वेल्ड केलेल्या नळ्यांकडे बोट दाखवू शकते. जे गंभीरपणे स्पर्धा करतात ते म्हणूनच स्पर्धेची गाडी वेगळी ठेवतात आणि ती ट्रेलरवरून नेतात.

केज झाला, एकदा उलटलाही, आणि माणसं धडधाकट बाहेर आली, तर पुढे काय? बाहेरून ठीक दिसतो म्हणून तसाच वापरणं ही सगळ्यात सर्रास चूक. रंगाला पडलेले केसासारखे तडे बघावेत, विशेषतः पायांलगत आणि बाकांच्या आतल्या अंगाला. ज्या नळीवर पोचा आहे किंवा जी वाकली आहे ती तापवून सरळ करू नये. कापून काढावी आणि नवी बसवावी, दोन्ही टोकांच्या जोडांपर्यंत. कोकणात किंवा गोव्यात फिरणाऱ्या गाडीची नळी आतून गंजते. अमेरिकेतल्या काही शर्यतींत केजला पाच मिलिमीटरचं एक भोक ठेवायला लावतात, भिंतीची जाडी तपासता यावी म्हणून. तिथून आत ओल शिरू नये यासाठी तपासणी झाली की ते भोक रबरी बुचाने बंद करावं आणि पावसाळ्यानंतर एकदा बूच काढून बघावं.